सुट्टी भरती-ओहोटीच्या हिशोबानं

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणात सुट्टीला यायचं ठरलं की मंडळी आधी खोली बघतात, मग रेल्वेचं आरक्षण. माझं म्हणणं, त्याच्याही आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. वेंगुर्ला ते मालवण या पट्ट्यात यायचं आणि मासे गरवायचे, म्हणजे गळाला लावून पकडायचे असतील तर दिवस भरती-ओहोटीवर बेतावा लागतो.

हिशोब आमच्याकडे शाळकरी पोरांनाही येतो. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पहाटेचे आणि संध्याकाळचेही, कारण साधारण साडेबारा तासांनी भरती पुन्हा येते. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात, पण मासा काही घड्याळ लावून बसलेला नसतो.

वेंगुर्ल्याला बंदर आहे, सतराव्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष आहेत, सागरेश्वरचा लांबलचक किनारा आहे. तिथून वायंगणी, खवणे, निवती करत वर या. निवतीचा किल्ला चढून जाण्यासारखा आहे. पुढे भोगवे, आणि मग कर्ली नदी समुद्राला मिळते. नदीच्या पलीकडे देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. तारकर्लीचं स्कूबा डायव्हिंग तुम्हाला ठाऊक आहेच, तिथली गर्दीही. मी त्यावर वेळ घालवत नाही.

मला बोलायचंय ते खाडीकाठी बसून गरी, म्हणजे गळ, टाकण्याबद्दल. सामान फार लागत नाही. टंगुसाची म्हणजे नायलॉनची दोरी, वजनाला शिशाचा तुकडा, गरी, आणि आमिषाला ताजी कोळंबी. महागडी रॉड घेऊन येणारे पाहुणे बघितले आहेत; शेजारी हातात नुसती दोरी धरून बसलेल्या आजोबांची पिशवी त्यांच्या आधी भरते. भरती चढायला लागली की पहिले दोनेक तास चांगले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र कर्लीच्या मुखाशी पाण्याला इतकी ओढ असते की शिसं तळाला ठरतच नाही. अष्टमीच्या आसपास पाणी शांत असतं, नवख्यानं तेव्हाच यावं. तांबोशी लागली तर दोरीला असा हिसका बसतो की बोट कापलं जाईल, म्हणून दोरी बोटाला गुंडाळू नका. आणि शेंगाळा लागला तर उत्साहानं हात घालू नका. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात, टोचले तर तासन्‌तास ठणका लागतो. जाणता माणूस आधी फडक्यानं मासा दाबतो, पकडीनं काटे मोडतो, मगच गरी सोडवतो. खडपावरून, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवरून, गरवायचं असेल तर स्थानिक माणूस सोबत हवाच. शेवाळावरून पाय सरकायला लाट मोठीच यावी लागते असं नाही.

गरवायचा कंटाळा आला तर सकाळी रापण बघा. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरून येते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. मासळीचे वाटे पडतात. तुम्हीही दोराला हात लावा, चार बांगडे तुमच्याही हातावर पडतील. हल्ली कधी कधी एवढं ओढून जाळ्यात मूठभर पेडव्यांसारखी बारकी मासळीच येते. रापणकर बोट दाखवतात ते मासळीच्या थव्याला चहूबाजूंनी घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांकडे आणि रात्री प्रखर दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या बोटींकडे. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्रानं २०१७ सालीच बंदी घातली, तरी किनाऱ्यावर उभं राहिलात तर रात्री क्षितिजाकडे बोट दाखवून कुणीतरी तुम्हाला ही गोष्ट सांगेलच. त्यांचा राग मला रास्त वाटतो.

यायचं कधी? मुलांच्या शाळेमुळे सगळे मे महिन्यात येतात. खरं तर बांगड्याचे दिवस दिवाळीच्या आगेमागे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ती बंदी हवीच, तो माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत ताटात ‘ताजी’ सुरमई आली तर ती बर्फातून आली असं समजा आणि सुकटीची चटणी मागा. एरवी संध्याकाळी मालवणच्या बंदरावर लिलाव बघा. मधे बोलू नका, लिलावात मान हलवलीत तर टोपली गळ्यात पडायची!

आणि एक. देवबागला खोली घेताना सगळे समुद्राकडची मागतात. तुम्ही खाडीकडची मागा, स्वस्त पडते आणि मागच्या पायरीवरून गरी टाकता येते. पकडलेला मासा तिरफळ घालून रांधून देणार का, हे मात्र घरातल्या वहिनींना सकाळीच विचारून ठेवा. वाटण एकदा झालं की त्या ऐकायच्या नाहीत.

नमस्कार.