पत्र्याच्या मशिदीवर स्लॅब पडतो तेव्हा

नमस्कार मंडळी. माझ्या मागे हे कॉलम उभे दिसतायत ना, ती आमच्या गावची मशीद. जिल्हा अकोला. मशीद नवी नाही, माझी आजी लग्न होऊन या गावात आली त्याच्याही आधीपासून इथंच आहे. फक्त वर पत्रे होते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. त्या पत्र्याखाली दुपारची नमाज म्हणजे काय, हे पत्र्याच्या घरात राहिलेल्यांना सांगावं लागणार नाही. आता पोरं पुण्या-मुंबईत कमावती झाली, वर्गणी जमली, स्लॅब टाकायचं ठरलं.

आणि पारावर सुरू झालं, "इतकी मोठी मशीद कायले पायजे यायले?"

हा प्रश्न मला टाळायचा नाही. त्यातला अर्धा भाग कागदाचा आहे, तो आधी बघू. जागा कोणाची? सातबारा काढा, गावठाणात असेल तर नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीतला घराचा उतारा बघा, ग्रामपंचायतीची परवानगी बघा. ई-क्लासची, म्हणजे सरकारी जमीन असेल तर विषय संपला. सुप्रीम कोर्टाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश स्पष्ट आहे: सार्वजनिक जागेवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा, नवीन काहीच बांधू द्यायचं नाही. म्हणजे मशिदीला कागद जरूर मागा, आणि स्टँडजवळ रातोरात उभ्या राहिलेल्या देवाच्या ओट्यालाही मागा. पण जागा मालकीची आणि परवानगी हातात असेल, तर आपली धार्मिक संस्था उभारायचा आणि चालवायचा हक्क घटनेच्या कलम २६ नं प्रत्येक संप्रदायाला दिलाय. भोंग्याचंही तसंच. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, हा २००० सालचा नियम पहाटेच्या अजानला लागू आहे, तसाच काकड्यालाही.

आता उरलेला अर्धा भाग, आणि मला खरं तर त्याच्याबद्दल बोलायचंय. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संस्थेनं २०२१ मध्ये एक मोठा अहवाल काढला. देशभरातल्या जवळपास ३० हजार लोकांना विचारून. त्यात ८० टक्के हिंदू म्हणाले, दुसऱ्या धर्माचा आदर करणं हा माझ्या धर्माचा फार महत्त्वाचा भाग आहे. आणि त्याच पाहणीत ३६ टक्के हिंदूंनी सांगितलं, मुसलमान शेजारी नको. हिंदू शेजारी नको म्हणणारे मुसलमानही होते, १६ टक्के. आदर मनापासून आहे, पण भिंतीला भिंत नको! मी हे वाचलं आणि मला आमचा पारच दिसला.

असं का होतं? आपण हिंदू सैलानीच्या दर्ग्याच्या यात्रेला जातो, नागपूरला ताजबागेच्या दर्ग्यात चादर चढवतो. गादीचा कापूस पिंजारीबाबांनीच पिंजला, आईच्या हातात बांगड्या मन्यारानंच भरल्या. पण मशिदीत आपल्यापैकी कोण गेलंय? दर्गा आपल्या ओळखीचा. मशीद मात्र पिढ्यान् पिढ्या फक्त बाहेरून पाहिलेली. वऱ्हाडात मशिदी काही काल आल्या नाहीत, बुलढाण्यातल्या रोहिणखेडची १५८२ सालची आहे. पण आत काय चालतं हे माहीत नसलं, की मोबाइलवर येईल ते खरं वाटायला लागतं.

म्हणून मी मशीद कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष असलेल्या चाचांना विचारलं, आत येऊ का? ते म्हणाले, "ये ना बेटा, त्यात विचारायचं काय." आत एक मोकळी खोली. चटया. पश्चिमेच्या भिंतीत एक कोनाडा, त्याच्याजवळ तीन लाकडी पायऱ्या, जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, इमाम तिथून बोलतात. नमाजाच्या वेळांचा फळा. बस, इतकंच. मग मी पारावरचा प्रश्न तसाच्या तसा विचारला, इतकी मोठी कशाला? चाचांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. शुक्रवारी आतली जागा पुरत नाही, शेवटच्या दोन रांगा रस्त्यावर येतात. बाजाराचा रस्ता तो, गाड्या अडतात. आणि त्यावरून तक्रार करणारे कोण? पारावरची तीच माणसं. स्लॅब पडला, मागची भिंत सरकली, की त्या रांगा आत जातील. हे गेल्या सहा महिन्यांत कोणी चाचांना विचारलंच नव्हतं. आणि चाचांनीही आपणहून पारावर येऊन सांगितलं नव्हतं. मी त्यांना तसं म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले.

बांधकाम झाल्यावर पहिल्या जुम्म्याच्या आधी एक दिवस सगळ्या गावाला आत बोलवायचं, असं आता कमिटीनं ठरवलंय. आमचं घर मशिदीच्या समोरच. माझी आई चाळीस वर्षं अंगणातून ती भिंत बघतेय. मी घरी येऊन सांगितलं, तर म्हणाली, "मले घेऊन चाल. मले आतून पायाची हाय."