मागं मोकळी गाडी आहे

श्रोतेहो, नमस्कार.

निगडीहून पुण्याला नोकरीसाठी बसनं ये-जा करायला लागून मला बावीस वर्षं झाली. सकाळी टिळक चौकात गाडी पकडायची. आकुर्डी, चिंचवड स्टेशन, पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडला की पुणे लागतं. मग बोपोडी, खडकी, वाकडेवाडी आणि शेवटी मनपा. मनपा म्हणजे खरं तर पुणे महानगरपालिका, पण आम्हा बसवाल्यांच्या तोंडी मनपा म्हणजे तिच्या शेजारचं बसस्थानक. तिथं उतरून नवा पूल चालत ओलांडायचा, की शनिवारवाड्याच्या अंगाला माझं ऑफिस.

या बावीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं एक वाक्य आहे. गाडी थांब्यावर येते, दारात माणसं लोंबकळत असतात, खालची गर्दी धावते आणि कंडक्टर ओरडतो, ‘मागं मोकळी गाडी आहे, मागच्या गाडीनं या!’ आणि त्यावर कुणीही थांबत नाही. म्हातारी माणसं, कडेवर मूल घेतलेल्या बाया, डबा छातीशी धरलेली पोरं, सगळे त्याच गाडीत घुसतात. आज मला या वाक्याबद्दलच बोलायचं आहे.

त्याआधी या रस्त्याबद्दल थोडं. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, पुढं टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. १९७० साली इथं नगरपालिका झाली आणि १९८२ साली महापालिका. कितीतरी कामगार राहायला पुण्यात आणि कामाला पिंपरीत, तर आमच्यासारखे त्याच्या उलट. त्यामुळं या मार्गावर सकाळी दोन्ही बाजूंच्या गाड्या भरलेल्या असतात. सकाळी शहराकडं भरून जायचं आणि उपनगराकडं रिकामं परतायचं, हे बऱ्याच ठिकाणच्या बससेवेचं दुखणं असतं. ते इथं फारसं नाही. हे या रस्त्याचं मोठं भाग्य आहे असं मला वाटतं.

पुण्याची बससेवा पीएमटी १९५० सालची, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४ची. २००७ साली दोन्ही एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. थांब्यावर मात्र लोक अजून ‘पीएमटी गेली का हो?’ असंच विचारतात, आणि मीही तसंच विचारते.

आता कंडक्टरचं ते वाक्य. तो खोटं बोलत नसतो, हे मला फार उशिरा कळलं. समजा निगडीहून दर दहा मिनिटांनी एक गाडी सुटते. पहिल्या गाडीला चिंचवडला सिग्नलवर तीन-चार मिनिटं जास्त लागली. तेवढ्या वेळात पुढच्या थांब्यावर आणखी माणसं जमली. ती चढणार, तिकिटं काढणार, म्हणजे आणखी उशीर. उशीर झाला म्हणून त्यापुढच्या थांब्यावर गर्दी त्याहून जास्त. मागच्या गाडीला मात्र थांब्यावर माणसंच उरत नाहीत, ती भराभर पुढं येते. कासारवाडीपर्यंत दोघी एकमेकींच्या पाठीला लागतात, पहिली ठासून भरलेली आणि दुसरी खरोखर मोकळी. त्यांच्या मागं मग बराच वेळ काहीच येत नाही. थांब्यावरचा माणूस म्हणतो, ‘अर्धा तास गाडी नाही आणि आल्या तर दोन!’ यात ड्रायव्हरचा दोष नसतो, कंडक्टरचा नसतो, आणि धावत चढणाऱ्यांचा तर नसतोच.

यावर उपाय असतो तो गाड्यांमधलं अंतर राखण्याचा. शेवटच्या थांब्यावर टपरीएवढ्या केबिनमध्ये कंट्रोलर बसलेला असतो. तो जसा सुटायची वेळ बघतो, तसंच वाटेत पिंपरी किंवा दापोडीला कुणीतरी मागच्या गाडीला दोन मिनिटं रोखायला हवं. आतल्या प्रवाशांना ती दोन मिनिटं जड जातील. पण पुढच्या दहा थांब्यांवरच्या माणसांचा वेळ वाचेल.

आणखी एक हिशेब मांडते, घरखर्चासारखा सोपा. निगडी ते मनपा जाऊन-येऊन, मध्ये ड्रायव्हर-कंडक्टरचा चहा धरून एका गाडीला अडीच तास लागतात असं समजू. म्हणजे दीडशे मिनिटं. दर दहा मिनिटांनी गाडी हवी तर पंधरा गाड्या लागतील. रस्ता तुंबला आणि फेरीला तीन तास लागले, तर त्याच पंधरा गाड्यांत बारा मिनिटांनी एक मिळेल. आणि रस्ता मोकळा राहिला, फेरी दोन तासांत झाली, तर आठ मिनिटांनी एक! अडीच तासांच्या फेरीत आठ मिनिटांनी गाडी द्यायची तर एकोणीस लागल्या असत्या. नुसता रस्ता मोकळा ठेवल्यानं चार गाड्या फुकट हाती आल्या.

म्हणूनच २०१८च्या ऑगस्टमध्ये निगडी ते दापोडी बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखलेली, मार्गिका सुरू झाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. गाडीचं दार उजवीकडं उघडतं, फलाट गाडीच्या तळाइतकाच उंच. माझ्या शेजारच्या काकूंचे गुडघे दुखतात. त्या पहिल्यांदा पायरी न चढता सरळ गाडीत गेल्या, आत जाऊन वळल्या आणि मला म्हणाल्या, ‘अगं, घरातल्या घरात गेल्यासारखं वाटलं.’ त्या मार्गिकेत कुणी दुचाकी घातली की मला त्या काकू आठवतात.

२०२२ पासून पिंपरीहून मेट्रो आहे, ती चांगलीच आहे. पण मेट्रो घराच्या कोपऱ्यावर येत नाही. यमुनानगरातून, चिखलीतून स्टेशनपर्यंत यायला बसच लागते. जून २०२५ पासून बसचं कमीत कमी तिकीट पाचाचं दहा रुपये झालं. धुणी-भांडी करणाऱ्या बाईला दिवसाचे दहा-वीस रुपये जास्त मोजणं सोपं नाही. तरी माझ्याबरोबर येणाऱ्या एक बाई म्हणाल्या, ‘ताई, पैसे देऊ हो. पण किती वाजता येणार तेवढं सांगा म्हणावं.’

२०२४ पासून मोबाइलवर गाडी कुठं आली ते दाखवणारं ॲप आहे. मी ते वापरते. त्या बाईंचा फोन मात्र बटणांचा आहे. त्यांच्यासाठी थांब्यावर पाटी हवी, उजेडात वाचता येईल अशी, पुढची गाडी किती मिनिटांनी आहे हे सांगणारी. ती आली की ‘मागं मोकळी गाडी आहे’ या वाक्याला त्यांच्या डोळ्यांसमोर पुरावा असेल.

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी मनपाला पाऊस होता. निगडीची गाडी गच्च भरलेली. कंडक्टर गळ्यातली बॅग एका हातानं सावरत दारात उभा होता. त्यानं नेहमीचं वाक्य ओरडून सांगितलं, मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, ‘मावशी, खरंच आहे. आत्ताच फोनवर बोललो त्याच्याशी.’ मी पायरीवरचा पाय मागं घेतला. माझं बघून मागचे दोन आजोबा थांबले, आणि कॉलेजची एक मुलगी. छत्रीखाली आम्ही चौघं. गाडी गेली. चार मिनिटांत पुलाकडच्या वळणावर दिवे दिसले. आजोबांनी चष्मा पुसून पाटी वाचली आणि मोठ्यानं म्हणाले, ‘निगडी! आणि बसायला जागा आहे!’

नमस्कार.