साज, तालीम आणि एफ-नंबर

[दृश्य: गुजरी, कोल्हापूरची सराफ पेठ. काळ्या मखमलीवर कोल्हापुरी साज.]

साजाचा फोटो काढायला बसलेला फोटोग्राफर सगळ्यात आधी काय करतो? अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या आतलं भोक, बंद करत आणतो. एफ/१६, जमलं तर एफ/२२. कारणही रास्त आहे. साजाची पानं एका पातळीत बसत नाहीत. मासा वर येतो, कासव खाली राहतं, भुंगा तिरका होतो. सगळं एकदम फोकसमध्ये हवं असेल तर भोक लहान करा, हे प्रत्येकाला पाठ असतं.

आता तो फोटो मोठा करून बघूया. मासा फोकसमध्ये आहे, कासवही आहे. पण माशाच्या अंगावरची बारीक रेघ पुसट झालीय. कडेचे मणी एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. ट्रायपॉड घट्ट होता, फोकस बरोबर होता, लेन्सही चांगली आहे.

[दृश्य: तोच साज, तोच उजेड. अ‍ॅपर्चर एफ/८.]

कासव थोडं सॉफ्ट, म्हणजे पुसट झालं. पण माशाकडे बघा. एकूण एक रेघ मोजून घ्यावी.

हे भोक पात्यांनी उघडतं आणि मिटतं. एफ-नंबर काढायचा तर फोकल लेंग्थला (लांबून आलेला उजेड लेन्सपासून जेवढ्या अंतरावर जुळतो त्याला) या भोकाच्या व्यासाने भागायचं. म्हणून आकडा वाढला की भोक लहान होतं. ५० एमएम फोकल लेंग्थच्या लेन्सवर एफ/१.८ ला ते जवळजवळ २८ मिलिमीटर असतं. एफ/१६ ला जेमतेम ३.

आणि लहान भोकातून जाताना उजेड पसरतो. रंकाळ्याच्या काठाला दोन दगडांच्या फटीतून लाट आत शिरते, ती कधी नीट बघा. फट रुंद असली तर लाट सरळ पुढे जाते. अरुंद असली तर पलीकडे जाऊन अर्धगोलात फाकते. उजेडही लाटच आहे, तोही तसाच फाकतो. याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे एका बिंदूतून निघालेला उजेड सेन्सरवर बिंदू म्हणून उतरतच नाही, चकती म्हणून उतरतो. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये तिचं गणित मांडलं, म्हणून ती एअरी चकती.

हिरव्या उजेडासाठी एफ/८ ला ही चकती साधारण ११ मायक्रॉनची असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एफ/१६ ला २१. एफ/२२ ला ३०. आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल असतो ६ मायक्रॉनचा. म्हणजे एफ/२२ ला एकेक बिंदू पाच पिक्सेल रुंद चकती होऊन बसतो, शेजारचा बिंदूही तसाच, आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. इथे लेन्सची किंमत विचारूच नका. वीस हजारांची लावा नाहीतर दोन लाखांची, चकती तेवढीच. भौतिकशास्त्राला ब्रँड कळत नाही.

दागिन्यांच्या कामात आणखी एक मेख आहे. पान जेवढं आहे तेवढंच सेन्सरवर उमटेल इतकं जवळ गेलात, की लेन्स सेन्सरपासून लांब जाते आणि एफ/१६ प्रत्यक्षात एफ/३२ सारखा वागतो. अनेक कॅमेऱ्यांच्या स्क्रीनवर मात्र १६ च दिसत राहतं. त्यामुळे मुरलेले लोक एफ/५.६ किंवा एफ/८ वर थांबतात, फोकस थोडाथोडा सरकवत अनेक फोटो घेतात आणि ते कॉम्प्युटरवर एकत्र रचतात. वेळ जातो. पण गिऱ्हाईक फोन हातात घेऊन दोन बोटांनी साज मोठा करून बघतं, तेव्हा तो वेळ वसूल होतो.

[दृश्य: पेठेतली जुनी तालीम. झरोक्यातून पडलेला उजेड, लाल माती.]

आता नेमकी उलटी गरज. तालमीत उजेड येतो तो वरच्या झरोक्यातून, येईल तेवढा. खाली दोन मल्ल भिडलेत. घिस्सा डाव बसतो त्या क्षणाला शटर १/५०० सेकंदाचं तरी पाहिजे, नाहीतर हात म्हणजे नुसती धूसर पट्टी. इथे अ‍ॅपर्चर बंद करायची चैनच नाही. एफ/२.८, एफ/२, जेवढं उघडेल तेवढं उघडायचं.

भोक पूर्ण उघडलं की लेन्सचे सगळे दोष बाहेर येतात. भिंगाच्या मधून जाणारा उजेड एका ठिकाणी जुळतो, कडेतून जाणारा दुसऱ्या. फोटोत प्रत्येक कडेभोवती धुरकट वलय येतं. हे गोलीय विपथन. भोक लहान केलं की कडेचा उजेड अडतो आणि दोष झपाट्याने आवरतो. व्यास निम्मा केला, म्हणजे दोन स्टॉप बंद केले (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो), तर या दोषाचा ठिपका आठपट लहान होतो. एवढ्या स्वस्तात एवढा फायदा फोटोग्राफीत दुसरीकडे कुठे मिळत नाही.

कोपऱ्यांत वेगळा गोंधळ. नवरात्रात अंबाबाईच्या देवळावर रोषणाई असते. ती उघड्या अ‍ॅपर्चरवर टिपा. मधले दिवे गोल, आणि कोपऱ्यातल्या दिव्यांना शेपट्या. हा कोमा. तोही भोक लहान केल्यावर बराच कमी होतो. मात्र कोपऱ्यातल्या फांदीला येणारी जांभळी-हिरवी किनार आणि खांब वाकडे दिसणं, हे दोन दोष अ‍ॅपर्चरने जात नाहीत. ते लेन्स घडवतानाच आवरावे लागतात, किंवा नंतर सॉफ्टवेअरने.

लुडविग झायडेल या जर्मन गणितज्ञाने १८५७ मध्ये अशा पाच दोषांची पद्धतशीर मांडणी केली. तेव्हापासून लेन्स बनवणारे त्यांच्याशीच झुंजतायत. १९०२ मध्ये त्साइस या जर्मन कंपनीच्या पाउल रुडोल्फने चार भिंगांत टेसार नावाची लेन्स बसवली, आणि ती इतकी चालली की कित्येक दशकं तिच्या नकला होत राहिल्या. साध्या ५० एमएममध्ये आजही सहा-सात भिंगं असतात. भारीतल्या लेन्समध्ये दहा, बारा, चौदा. काहींचा पृष्ठभाग मुद्दाम गोल नसलेला, काही रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेची. भिंगं वाढवायची तर कोटिंग, म्हणजे काचेवर पातळ थर, हवंच. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. सहा सुटी भिंगं म्हणजे बारा पृष्ठभाग, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उजेड वाया. त्यातला काही आतच भटकतो आणि काळ्याचा राखाडी करतो. १९३५ मध्ये त्साइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने कोटिंगची पद्धत शोधली, तेव्हा कुठे एवढी भिंगं एकापुढे एक लावणं परवडायला लागलं.

म्हणजे महागड्या लेन्सचे पैसे जातात कुठे? बहुतेक सगळे उघड्या भोकावर. एफ/२ ला, कोपऱ्यापर्यंत शार्प. एफ/८ ला साधी लेन्स तिच्या बरीच जवळ येते. एफ/१६ ला दोघींमधला फरक सांगणारा पैजेवर बसवावा, हरेल. तालमीतल्या माणसाने लाखाच्या पुढची एफ/२.८ झूम घेतली तर ती कामाची. ट्रायपॉडवर साज टिपणाऱ्याने त्याच हौसेने तेवढे पैसे घालावेत असं मला तरी वाटत नाही. त्याने साधी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स, घ्यावी, उरलेल्या पैशांत दिवे घ्यावेत.

[दृश्य: खरी कॉर्नर. कॅमेरा मानस्तंभ.]

इथे जरा थांबू. याच गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा बनवला. आनंदराव पेंटरांनी सुरू केलेलं ते काम, पण ते पुरं व्हायच्या आधीच आनंदराव गेले. १९२० मध्ये बाबूरावांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट आला. त्या काळची फिल्म मंद, म्हणजे तिला उजेड जास्त लागायचा, म्हणून शूटिंग उन्हात. कोल्हापूरचं ऊन असताना अ‍ॅपर्चर सताड उघडायची वेळ फारशी येत नसावी.

मग कुणी विचारेल, सॅन फ्रान्सिस्कोत १९३२ मध्ये अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन या फोटोग्राफरांनी गट काढला, त्याचं नावच एफ/६४. ते काय सॉफ्ट फोटो काढत होते? नाही. त्यांची निगेटिव्ह होती मोठी. वेस्टन ८ बाय १० इंचांची निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून प्रिंट काढायचे, मोठं करायचा प्रश्नच नव्हता. एफ/६४ ला एअरी चकती होते सुमारे ०.०९ मिलिमीटरची. प्रिंट हातात धरून बघणाऱ्याच्या डोळ्याला ती दिसत नाही. तुमच्या ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवरचा फोटो १० इंचांचा करायचा तर सातपट वाढवावा लागतो, आणि चकतीही सातपट होते. फोनचं गणित याच्या दुसऱ्या टोकाला. त्याचा सेन्सर इतका लहान की अ‍ॅपर्चर थोडं मिटवलं तरी चकती त्याला मोठी पडते. म्हणून बहुतेक फोनमध्ये ते कायमचं उघडं, एफ/१.८ च्या आसपास.

[दृश्य: भिंतीवर ताणून चिकटवलेलं वर्तमानपत्र, समोर ट्रायपॉड.]

जुनी लेन्स विकत घेणार असाल तर हे करा. वर्तमानपत्राचं पान भिंतीला सपाट चिकटवा. कॅमेरा अगदी समोर, समांतर, फ्रेम पानाने भरलेली. दोन सेकंदांचा टायमर लावा. आधी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून एक फोटो घ्या, मग एफ/४, ५.६, ८, ११, १६. छोट्या जाहिरातींतली अक्षरं बघा, मधली आणि चारही कोपऱ्यांतली. चारही कोपरे सारखेच सॉफ्ट असतील आणि एफ/५.६ ला सुधारत असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव आहे, लेन्स घ्या. एकच कोपरा सॉफ्ट असेल तर आधी कॅमेरा तिरका नाही ना ते तपासा आणि फोटो परत काढा. तरीही तोच कोपरा सॉफ्ट राहिला तर आतलं भिंग सरकलंय. लेन्स कधीतरी पडली असेल, किंवा कुणीतरी खोलली असेल.

मग मागून टॉर्च मारून लेन्सच्या आत बघा. आपल्याकडचा पावसाळा लेन्सला मानवत नाही. कपाटात बंद राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे पांढरे धागे सापडतात. थोडी असली तर शार्पनेसला फार धक्का लागत नाही, पण उन्हाच्या दिशेने फोटो काढला की सगळं पांढुरकं होतं. आणि ती वाढत राहते. दुकानदार म्हणेल, “काय होत नाही, पुसलं की जातंय.” पुसून घ्या म्हणावं, पुन्हा टॉर्च मारा. भावाचं बोलणं त्यानंतर.