आयपीव्ही ६ची सक्ती करायची, तर कुणावर?

नमस्कार मंडळी. अशी एक चाळ डोळ्यांसमोर आणा, जिथे बिऱ्हाडं साठ, पण बाहेरच्या जगाला पत्ता एकच. तुम्ही पाठवलेल्या पत्राचं उत्तर येतं, कारण दारावरचा माणूस वहीत नोंद ठेवतो. पण बाहेरून कुणाला थेट तुमच्या खोलीवर यायचं असेल, तर वाट नाही. आपल्यातल्या अनेकांचं इंटरनेट असंच चालतं. एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याच्या या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. घरचा सीसीटीव्ही बाहेरून थेट उघडत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

इंटरनेटवर पत्ते देण्याच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही ४मध्ये, पत्ते जेमतेम ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११मध्ये संपला. त्याहून कितीतरी जास्त पत्ते देणाऱ्या नव्या पद्धतीचं, आयपीव्ही ६चं, मानक १९९८मध्येच आलं होतं, पण दोन्ही एकमेकांशी थेट बोलत नाहीत. आधी बदलेल त्याला खर्च, आणि खरा फायदा सगळे बदलल्यावर. मग जो तो थांबतो.

तर मग सरकारने हुकूम काढावा का? आपल्या दूरसंचार विभागाने २०१०मध्ये आराखडा काढला, तारखाही दिल्या. त्या पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. २०१६मध्ये जिओ आलं. नवं नेटवर्क, कोट्यवधी ग्राहक, आणि तेवढे जुने पत्ते मिळणार कुठून? त्यांनी सुरुवातीपासून आयपीव्ही ६ दिलं आणि भारत जगात पुढच्या रांगेत आला. तारखांपेक्षा गरजेनं जास्त काम केलं, असं माझं मत आहे.

पण सरकारचं काम इथे संपत नाही. बेल्जियमचं बघा. तपासात आयपी पत्ता हाती लागायचा, पण त्यामागे ग्राहकांची गर्दी. संशयित कोण, हे पोलिसांनी कसं ओळखायचं? २०१२मध्ये मोठ्या इंटरनेट कंपन्यांशी समझोता झाला: एका पत्त्यामागे जास्तीत जास्त १६ ग्राहक. आयपीव्ही ६चं त्यात नावही घ्यावं लागलं नाही. एवढ्या मर्यादेत जुन्या पत्त्यांवर धंदा वाढवणं महागच पडतं. पुढे कित्येक वर्षं आयपीव्ही ६च्या वापरात बेल्जियम जगात अग्रभागी होता.

मला हा मार्ग पटतो. निष्पाप ग्राहक शेजाऱ्याच्या गुन्ह्यात अडकू नये, ही जबाबदारी सरकारचीच आहे. आणि खरी सक्ती सरकारने स्वतःवर करावी. चेक प्रजासत्ताकाच्या सरकारने तशी तारीखच ठरवलीय: ६ जून २०३२पासून सरकारी सेवा आयपीव्ही ४वर देणं बंद.

आता मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन तुमचा आयपी पत्ता बघा. आकड्यांच्या मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं दिसली, तर ते आयपीव्ही ६. मग घरच्या वायफायवर हेच करून बघा.