तिसऱ्या पियानोवर कोण?

(पडद्यावर: शेजारी शेजारी तीन पियानो. दोघांवर हात चालू आहेत, तिसरा अजून गप्प आहे.)

साल्झबर्ग, फेब्रुवारी १७७६. मोझार्टला नुकतीच वीस वर्षं पूर्ण झालीत. काउंटेस अंतोनिया लोद्रोन यांच्यासाठी तो एक कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने एकल वाद्य खुलवणारी रचना, लिहितोय. इथे एक नाही, तीन पियानो. वाजवायला बसणार स्वतः काउंटेस आणि त्यांच्या दोन मुली, आलोइसिया आणि जुझेप्पा. धाकटी जुझेप्पा जेमतेम अकराची.

पहिल्या दोन पियानोंना मोझार्टने भरपूर काम दिलं. तिसऱ्याच्या वाट्याला बहुतेक साथ आली, बोटांना झेपेल एवढीच. पण तो पियानो काढून टाकला, की संगीत लगेच उणं वाटतं. लहान मुलीला मोठ्यांच्या बरोबरीने बसवायचं आणि तिची फजिती होऊ द्यायची नाही, हे किती मायेने साधलंय!

(पडद्यावर: पियानोच्या आतली लाकडी फळी, जवळून.)

पुढच्या वर्षी, २२ ऑक्टोबर १७७७ ला, हीच रचना जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात झाली. पहिल्या पियानोवर कॅथेड्रलचे ऑर्गनवादक डेमलर, दुसऱ्यावर मोझार्ट. आणि तिसऱ्यावर? योहान आन्द्रेआस श्टाइन, पियानो बनवणारा कारागीर! याच्या कामावर मोझार्ट बेहद्द खूश होता. वडिलांना त्याने पत्रातून सगळं कळवलंय: श्टाइन पियानोची फळी मुद्दाम उन्हापावसात, बर्फात ठेवतो. तिला तडे जाऊ देतो. मग तड्यांत पाचरी बसवून सरसाने चिकटवतो, म्हणजे पियानो पुन्हा तडकायची भीती नाही. असा माणूस त्या संध्याकाळी स्वतः वाजवायला बसला होता.

मार्च १७७८ मध्ये मानहाइमला तीन तरुणींनी ही रचना वाजवली. तालमीही तीन झाल्या.

नंतर मोझार्टने तिचं दोन पियानोंसाठी रूपांतर केलं. बहीण नानेर्ल आणि तो, दोघांत भागत होतं. तिसऱ्याचे सूर त्या दोघांत वाटले गेले. ऐकायला छानच आहे, पण मला ती रिकामी खुर्ची खटकते.

(पडद्यावर: लंडन, अ‍ॅबी रोड स्टुडिओ.)

डिसेंबर १९८१. लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर याच रचनेचं ध्वनिमुद्रण चालू आहे. क्रिस्टोफ एशेनबाख आणि युस्टुस फ्रान्ट्स, दोघे कसलेले पियानोवादक. त्यांच्यासोबत पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मुट श्मिट. देशाचा कारभार अंगावर असलेला हा माणूस तालावर कान ठेवून आपली पाळी येण्याची वाट बघतोय.

श्मिट बसलेत तिसऱ्या पियानोवर. जुझेप्पाच्या जागी.