धूर, माती आणि मुळं: गडद अत्तरं अंगावर लावताना

नमस्कार मंडळी. पहिल्या रांगेपासून कागदाच्या पट्ट्या मागे सरकताहेत. त्या नाकाला चिकटवू नका, दोन बोटं अंतर ठेवून हुंगा. 'क' लिहिलेली पट्टी वाळ्याची, 'ख' पचौली या सुगंधी पानांच्या झुडपाची आणि 'ग' बर्च झाडाच्या सालीच्या डांबराची. डांबर अगदी विरळ केलेलं आहे, तरी 'ग' हातात आल्यावर काहींचे चेहरे बदललेले मला इथून दिसताहेत. तसं होणारच. पट्ट्या टाकून मात्र देऊ नका, मध्येच पुन्हा हुंगायला सांगणार आहे.

गडद, मातकट, धुरकट अत्तरांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते: फार उग्र असतात, डोकं धरतं. माझं मत असं, की बहुतेक वेळा दोष अत्तराचा नसतो, मात्रेचा असतो. शिवाय आपण ती चुकीच्या वेळी पारखतो. झाकण उघडलं, हुंगलं आणि निकाल दिला, हे लिंबू-संत्र्याच्या वासांना चालतं. इथे चालत नाही.

का चालत नाही, ते रेणूंकडे पाहिलं की कळतं. लिंबूवर्गीय सालींच्या तेलातला मुख्य घटक लिमोनीन. त्यात कार्बनचे १० अणू. पचौलीतला मुख्य घटक पचौलॉल, त्यात १५. वाळा, नागरमोथा, अगरू यांच्या तेलांतही अशा १५ कार्बनवाल्या रेणूंचाच भरणा असतो. रेणू जेवढा मोठा, तेवढा तो सावकाश उडतो, असा ढोबळ नियम. म्हणून लिमोनीन पहिल्या काही मिनिटांत भाव खाऊन निघून जातं आणि पचौली संध्याकाळपर्यंत बसून राहते. तिचा पहिला दर्प, तो कुबट, बंद तळघरासारखा वास, हा काही तिचा खरा चेहरा नव्हे. दोन-तीन तासांनी तीच पचौली गोडसर, लाकडी, कोरडी होते. विकत घ्यायची की नाही, ते तेव्हा ठरवा.

आता धूर. धूर कुपीत भरता येत नाही, त्याचा वास मात्र भरता येतो. लाकडातलं लिग्निन तापून तुटतं तेव्हा ग्वायकॉल, सिरिंगॉल असे रेणू सुटतात. लाकडाच्या धुराची ओळख मुख्यतः यांच्यामुळे. बर्चची साल बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवली की काळं, चिकट डांबर गळतं. जुन्या पद्धतीच्या 'रशियन लेदर' प्रकारच्या अत्तरांमध्ये कमावलेल्या चामड्याचा जो वास येतो, तो याचा. जुनिपर या झुडपाच्या एका जातीपासून असंच केड तेल काढतात, त्याचा धूर जरा जास्त करपट. इथे एक धोक्याची सूचना. कच्च्या बर्च डांबरात कर्करोगाशी संबंध असलेली बहुचक्रीय हायड्रोकार्बन असतात. म्हणून इफ्रा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना, अत्तरात कच्चं डांबर वापरू देत नाही. शुद्ध केलेलं, तेही मर्यादेत, चालतं. 'अस्सल, कच्चं, घरगुती' असं कौतुकाने लिहिलेली शेकोटीच्या वासाची कुपी दिसली, तर ती लांबच ठेवा. इथे कच्चेपणाचं कसलं कौतुक?

मातीची गोष्ट याहून रंजक आहे. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये कोरड्या जमिनीवर पाऊस पडल्यावरच्या वासाचा अभ्यास मांडला आणि त्याला 'पेट्रिकोर' नाव दिलं. कनौजचे अत्तरवाले मात्र तोच वास कधीपासून कुपीत धरत आले होते. भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर उकळायच्या आणि वाफ भपक्यातल्या, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यातल्या, चंदनाच्या तेलात मुरू द्यायची. बेअर आणि थॉमस यांनाही या अत्तराची माहिती होती. ओल्या मातीच्या वासात जिओस्मिन नावाचा एक रेणू फार महत्त्वाचा. तो मातीतले स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जिवाणू तयार करतात, बीटाला मातकट चव आणतो तोही हाच. आपलं नाक त्याच्या बाबतीत कमालीचं तिखट आहे. लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असला तरी जाणवतो. मातीच्या वासाचं अत्तर बनवणाऱ्याचा हात थोडा जरी सैल सुटला, तर पावसाऐवजी शेवाळलेली टाकी का आठवते, ते यावरून लक्षात येईल.

पचौलीबद्दल आणखी एक. तिची पानं ताजी असताना फारशी बोलत नाहीत. वाळवून, मुरवून मग ऊर्ध्वपातन करतात. लोखंडी भांड्यात काढलेलं तेल काळपट तपकिरी निघतं, कारण त्यात लोह उतरतं. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यातलं फिकट. रंग काळा म्हणजे तेल जास्त अस्सल, असं सांगणारा विक्रेता भेटला तर हसून पुढे जा. जुनी पचौली मात्र खरोखर चांगली. वर्षं जातील तशी तिच्यातली कडा झिजते.

वाळ्यात प्रदेशाचा फरक नाकाला कळण्याइतका असतो. हैतीचं तेल स्वच्छ, जावाचं जास्त धुरकट. 'क' पट्टी कुणाला खमंग आणि कुणाला हिरवी वाटली असेल. दोघांचंही बरोबर आहे, कारण त्यात दोन्ही आहे. गडद अत्तरांची सुरुवात करणाऱ्याला मी वाळाच सुचवतो. मातीतलाच वास, पण थंड आणि सुटसुटीत. उन्हाळ्यात जिथे पचौली आणि धूर अंगावर येतात, तिथे वाळा निभावून नेतो.

आणि ऊद. अगरूची, म्हणजे ॲक्विलेरियाची झाडं बुरशी लागल्यावर किंवा जखम झाल्यावर गडद राळ तयार करतात. त्या राळेने भरलेल्या लाकडाचं तेल म्हणजे ऊद. निरोगी लाकडाला काही वास नाही. जंगलातली झाडं इतकी तोडली गेली, की या साऱ्या जाती २००५ पासून साइटीस, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली चालतो. बाजारात 'ऊद' म्हणून मिळतं त्यातलं बहुतेक इतर वास मिसळून रचलेलं असतं आणि त्या रचनेत आपला नागरमोथा हमखास सापडतो. यात फसवणूक मानायचं कारण नाही. चांगला रचलेला ऊद अंगावर फार सुरेख बसतो. मला खटकतात ते टोकदार कृत्रिम लाकडी-अंबर रेणू, जे स्वस्त मिश्रणांत ओतलेले असतात आणि नाकाला टोचतात. गंमत म्हणजे काही जणांना ते मुळीच जाणवत नाहीत. तेच लोक मग दुप्पट लावून फिरतात.

आता पट्ट्या पुन्हा हुंगा. 'ग' मधला करपट झटका थोडा खाली बसलाय आणि चामडं वर यायला लागलंय. 'ख' मात्र होती तिथेच आहे. कागदावर असं. त्वचेवर हे सगळं ऊब आणि ओलावा यांच्या हातात जातं, म्हणून कागदावर भाळून खरेदी करू नका.

लावायचं कसं? आधी हे समजून घ्या, की तेलात बांधलेलं अत्तर फवाऱ्यासारखं वागत नाही. फवाऱ्यातलं अल्कोहोल झरकन उडतं आणि वासाला उचलून खोलीभर नेतं. तेल उडत नाही, ते वास धरून ठेवतं. त्यामुळे त्याचा दरवळ हातभर अंतरापर्यंतच, पण टिकाऊ. इथेच गफलत होते. काही मिनिटांत आपलं नाक त्या वासाला सरावतं, आपल्याला काही येईनासं होतं, आपण आणखी एक बोट फिरवतो. शेजारच्याचं नाक ताजं असतं, त्याच्यापर्यंत मात्र सगळं पोचत असतं. वास येतोय का, ते दुसऱ्याला विचारा. स्वतःच्या नाकावर याबाबतीत विसंबू नका.

कांडी कुपीच्या कडेला निथळून घ्या आणि तिचा एकच स्पर्श छातीवर, कपड्याच्या आत. ऊब लागेल तसा वास कॉलरमधून वर येत राहतो. मनगटावर लावलं तर हात धुताना जातं आणि जेवताना नाकाशी येतं. धुरकट अत्तराच्या बाबतीत हे दुसरं फार त्रासदायक. मनगटं घासल्याने रेणू तुटतात हा समज खोटा आहे. ऊब वाढून वरचे हलके वास लवकर उडतात, एवढंच. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मलम लावा, नाहीतर तेल त्वचेत मुरतं आणि वास दबतो. नुकतीच दाढी केलेल्या गालावर लावू नका. पांढऱ्या कपड्यावर तर मुळीच नको, पचौली आणि ऊद दोन्ही डाग पाडतात.

नवं अत्तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दिवसभर वाट पाहा. शुद्ध वनस्पती तेलं विरळ केल्याशिवाय त्वचेवर नकोत. ओक मॉस, म्हणजे ओकवर वाढणारं दगडफूल, जंगलाच्या ओल्या वासासाठी फार आवडीचं. पण त्यातले ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल हे घटक ॲलर्जी घडवतात म्हणून युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने त्यांच्यावर बंदी घातली. आजचं ओक मॉस ते घटक काढून टाकलेलं असतं.

जोडीला काय, असं नेहमी विचारलं जातं. गुलाब. ऊद आणि गुलाबाची जोडी जुनी आहे आणि ती उगाच टिकलेली नाही; धुराला गुलाब थोडा ओलावा देतो. बर्गमॉट हे लिंबूवर्गीय फळही छान, पण त्याचं सालीतून पिळून काढलेलं तेल लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजते. हा त्रास देणारे फ्युरोकुमारिन नावाचे घटक काढलेलं घ्या.

बंद खोलीत, विमानात, रुग्णाला भेटायला जाताना ही अत्तरं नकोत. दम्याच्या आणि अर्धशिशीच्या माणसांचा विचार करा. शिवाय धुराचा वास आला की माणूस आधी आग कुठे लागली ते शोधतो.

मागून प्रश्न आलाय, जास्त लागलं तर काय करायचं. नुसत्या पाण्याने जात नाही. कापसावर साधं बिनवासाचं तेल घेऊन पुसा, तेलच तेलाला उचलतं, मग साबण लावा. वरून दुसरं अत्तर मारून झाकायला जाऊ नका, दोन्ही एकदम येतात. कपड्याला लागलं असेल तर चार दिवस वाऱ्यावर टांगा. आणि ते बर्चचं डांबर असेल व कपडा लोकरीचा असेल, तर तो यापुढे त्याच वासाचा, असं समजून चाला.