बऊबाजारातला हौद

(दृश्य: कोलकाता, बऊबाजार. सकाळ. सोनारांच्या दुकानांची शटरं वर जातायत.)

बऊबाजारात कुणाला पत्ता सांगायचा तर खुणेला एखादी सोन्याची पेढी घ्यायची, नाहीतर फर्निचरचं दुकान. थोडं पुढे लालबाजार, म्हणजे कोलकाता पोलिसांचं मुख्यालय. या गजबजाटातच बिपिन बिहारी गांगुली स्ट्रीटवर कॅरी बाप्टिस्ट चर्च उभं आहे. 1 जानेवारी 1809 ला ते उघडलं तेव्हा त्याला म्हणायचे लालबाजार चॅपल.

आजची गोष्ट इथल्या हौदाची आहे.

(दृश्य: पाणी. फक्त पाणी.)

बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होताना करायचा पाण्याचा विधी. हा शब्द ग्रीकमधून आला. मूळ अर्थ, बुडवणं. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडलं की झालं, हे बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना मान्य नाही. माणूस कळता व्हावा, आपला विश्वास त्याने आपल्या तोंडाने सांगावा, मगच पाण्यात उतरावं. पाळक (चर्चचा धर्मगुरू) आणि तो, दोघं हौदात कमरेइतक्या पाण्यात उभे राहतात. उतरणारा छातीशी हात घेतो. पाळकाचा एक हात त्याच्या पाठीला. मग मागच्या मागे, नाकातोंडासकट, पुरता पाण्याखाली, आणि लगेच वर. जुना माणूस पुरला, नवा उठला. सगळं मिळून दोनतीन सेकंद. पण ही बुडी दुसऱ्या कुणाला तुमच्या वतीने मारता येत नाही, आईबापांनाही नाही.

आईबापांना जे जमत नाही ते राजाला कसं जमावं? हा पंथ 1609 मध्ये ॲमस्टरडॅमला, इंग्लंड सोडून गेलेल्या लोकांत सुरू झाला. त्यांच्यातला थॉमस हेल्विस लंडनला परतला आणि त्याने थेट राजा जेम्सला लिहून कळवलं, की राजा मर्त्य माणूस आहे, देव नाही. प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता चालत नाही. हेल्विस तुरुंगातच मेला.

बाप्टिस्टांवर बिशप नसतो. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला ‘मंडळी’ म्हणतो, आणि इथे तो शब्द अगदी चपखल बसतो. मंडळी म्हणजे जमलेली माणसं. आपला पाळक त्यांनीच निवडायचा, निर्णय सभासदांनीच घ्यायचे. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला, तेही येशूच्या मरणाची आठवण म्हणून.

(दृश्य: हुगळी नदी. नाव.)

हे चर्च उभं केलं विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी. कॅरी मूळचा इंग्लंडमधल्या खेड्यातला मोची, 1793 मध्ये बंगालात आला. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. धर्माच्या नावाने लोक बिथरले तर व्यापार बसेल, ही धास्ती. म्हणून तिघांनी बिऱ्हाड थाटलं ते डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात. तिथेच 28 डिसेंबर 1800 ला कृष्ण पाल नावाच्या सुताराने हुगळीत बुडी घेतली. त्याचा निखळलेला खांदा मिशनच्या डॉक्टरने बसवला होता, ओळख तिथून झाली. पुढे हाच कृष्ण पाल कोलकात्यात प्रवचनं देऊ लागला.

कॅरी 1801 पासून फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत होता. श्रीरामपूर ते कोलकाता नावेने, दर आठवड्याला. आधी बंगाली आणि संस्कृत, मग मराठी. हो, आपली मराठी! वैद्यनाथ पंडितांच्या मदतीने त्याने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 मध्ये कोश. पुण्यामुंबईत छापखान्यांचं पर्व सुरू व्हायच्या कितीतरी आधी मराठी छापली जात होती ती हुगळीकाठी. पगार चांगला होता, आणि पोटापुरतं ठेवून तो जवळजवळ सगळा मिशनच्या खात्यात जायचा.

(दृश्य: जुनं शिडाचं जहाज.)

आता 1812. अमेरिकेतून दोन जहाजांनी तरुण मिशनरी निघाले. पंथाने काँग्रिगेशनल, म्हणजे तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे. त्यांच्यातला अडोनिराम जडसन चोवीस वर्षांचाही नव्हता. आता गाठ बाप्टिस्टांशी पडणार, वाद झाला तर उत्तर तयार हवं, म्हणून जहाजावर तो ग्रीक नवा करार उघडून बसला आणि वाचता वाचता स्वतःच डळमळला. बायको ॲन म्हणाली, तुम्ही बाप्टिस्ट झालात तरी मी होणार नाही. मग तीही वाचायला बसली.

श्रीरामपूरच्या तिघांनी पाहुण्यांपुढे बाप्तिस्म्याचा विषय काढायचा नाही असं ठरवलेलं होतं. त्यामुळे बाप्तिस्मा मागणारी जडसनची चिठ्ठी आली तेव्हा तेच चकित झाले. 6 सप्टेंबर 1812 ला लालबाजारच्या हौदात वॉर्डने नवराबायको दोघांना बाप्तिस्मा दिला. पाण्यातून वर आले तेव्हा त्यांच्यामागे संस्था उरली नव्हती. ज्या बोस्टनच्या मंडळाने पाठवलं होतं त्याचा पैसा आता घेता येणार नव्हता. 1 नोव्हेंबरला त्यांचा सोबती ल्यूथर राइसही उतरला. तो अमेरिकेला परत गेला आणि गावोगाव फिरून त्याने बाप्टिस्टांना मिशनमागे उभं केलं. जडसन ब्रह्मदेशात गेला आणि 1834 मध्ये त्याने बायबलचा बर्मी अनुवाद पुरा केला.

त्याच जथ्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट तेव्हा कोलकात्यातच होते. त्यांना जडसनचं म्हणणं पटलं नाही. हौदात न उतरता त्यांनी मुंबईचं जहाज पकडलं आणि फेब्रुवारी 1813 मध्ये ते मुंबईला पोचले. त्यातून उभं राहिलं अमेरिकन मराठी मिशन. त्याच मिशनच्या मिस फेरारबाईंच्या मुलींच्या शाळा पुढे अहमदनगरला जोतीराव फुले बघून आले.

(दृश्य: हौदाची रिकामी पायरी. आवाज बाहेरच्या बसचा.)